प्यादं, एक घर

जिथे चार पुरुष पट मांडून बसतात आणि एक बाई मागे उभी असते, तिथे किस्से साठतातच. साठवायचं काम अर्थात बाईचं.

ऐंशीच्या दशकात मी कामतघरला सलीमभाईंच्या मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. शुक्रवारी लूम बंद, मग ऑफिसात बुद्धिबळ. खेळ मी बघून शिकले, वाचायला पुडीच्या कागदांवरून. त्यामुळे कुणाचे उपकार नाहीत.

*

एकदा मी भोईर मास्तरांना त्यांची चुकलेली चाल दाखवली. निवृत्त शिक्षक, चुका काढायची सवय, ऐकायची नव्हती.

"जयाबाई, पेपरात पोस्टाने खेळणाऱ्यांचे पत्ते आलेत. एक डाव खेळून दाखव. हरलीस तर या पटाला हात लावायचा नाही."

"आणि नाही हरले तर?"

"तर बस माझ्यासमोर," मास्तर हसले. बराच वेळ हसले.

*

सांगलीच्या एका प्रोफेसरांना कार्ड टाकलं. पांढरी मोहरी माझी. राजापुढचं प्यादं, एक घर. आमच्याकडे ते एकच घर चालायचं.

उत्तर आलं: प्यादं, दोन घरं.

"सलीमभाई, हा माणूस पहिल्याच चालीत लबाडी करतोय."

"अगं, इंटरनॅशनल रूल हाय. पहिल्या चालीला दोन चालतात."

मास्तरांना रूल ठाऊक होता. सांगायचा राहिला म्हणे.

आता चुकले असं दिसू देईन तर मी कसली? पुढची तीन प्यादीही एकेक घरच सरकवली.

*

मी सही करायचे 'ज. पाटील'. प्रोफेसर लिहायचे 'पाटीलसाहेब'. दहाव्या चालीला लिहिलं, "साहेब, आपली ओपनिंग फार खोल आहे. चार पुस्तकं चाळली, सापडली नाही."

कशी सापडणार?

मास्तर मात्र दर शुक्रवारी विचारायचे, "हरलीस का गं?" जशी काही तब्येत विचारतायत.

*

दीड वर्षाने पटावर उरले दोन राजे आणि समोरासमोर अडकलेली दोन प्यादी. प्रोफेसरांचं कार्ड मास्तरांनीच मोठ्याने वाचलं: "साहेब, बरोबरी मान्य असावी."

कार्ड खाली ठेवून म्हणाले, "बरोबरी म्हणजे काही जिंकणं नव्हे."

"शर्त हरण्याची होती, मास्तर," सलीमभाई म्हणाले आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मास्तरांनी पट मांडला. पांढरी न विचारता स्वतःकडे घेतली. खूप विचार केला. मग राजापुढचं प्यादं उचललं आणि ठेवलं. एक घर.

मी माझं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.