हललं की बाहेर

जुनमाया घले जी पळत सुटली ती थेट पार्किंगमध्ये जाऊन थांबली. अनवाणी, हातात पेजेचा चमचा. आजूबाजूला बघते तर चिटपाखरू नाही. वृद्धाश्रमात कामाला असलेल्या बाकीच्या बायका आत आपापल्या म्हाताऱ्यांना धरून बसल्या होत्या. जपानात भूकंपाने हललं की आधी दार उघडायचं, म्हणजे चौकट अडकत नाही, आणि आतच थांबायचं. नोकरीला लागताना तिच्याकडून हे चारचारदा घोकून घेतलं होतं. पण पायांना कोण शिकवणार? नेपाळात तिच्या गावची घरं दगडमातीची. तिथे आत थांबेल तो ढिगाऱ्यात सापडेल. नऊ वर्षांपूर्वी ती अशीच पळाली म्हणून वाचली. धाकटी बहीण डोल्मा आत राहिली आणि गेली.

ती धापा टाकत वर आली. एक्याण्णव वर्षांच्या तोमे आजी, ज्यांना कूस बदलायलाही माणूस लागतो, छताकडे बघत पडल्या होत्या.

"आलीस? पेज गार झाली."

"चुकलं आजी."

"चमचा धुऊन घे आधी. गावभर फिरवून आणलास."

मजल्याच्या प्रमुख मोरिताबाई चार शब्द बोलल्या असत्या तरी परवडलं असतं. त्या नुसत्या कमरेत वाकल्या नि म्हणाल्या, "पुढच्या वेळी लक्ष असू द्या." जुनमायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढची वेळ! तिला तीच तर धास्ती. चित्त म्हणून थाऱ्यावर राहीना. रस्त्यावरून ट्रक गेला तरी पाय शिवशिवायचे. चहा प्यायचा सोडून ती कपातला चहा हलतोय का ते बघत बसे. त्यात आईचा फोन.

"हललं की पळतेस ना ग?"

"इथे पळायचं नसतं, आमा."

"मोठी शहाणी. एक पोरगी गेली तेवढी पुरे झाली मला."

आता हिने कुणाचं ऐकावं?

चौथ्या दिवशी सकाळी ती आजींची चादर बदलत होती, आणि पुन्हा हललं. आधीपेक्षा जोरात. कपाटातल्या बशा खाली आल्या. जुनमायाने धावत जाऊन दार उघडलं. समोरच जिना. एक पाय उंबऱ्याबाहेर पडलाही.

"पळायचं तर पळ," मागून आजी म्हणाल्या, "दार तेवढं उघडं ठेव."

आवाज साधाच होता, फक्त थोडा कापत होता. जुनमाया वळली. तिने पलंगाशी येऊन आजींवर अंग टाकलं, त्यांचं डोकं छातीखाली घेतलं आणि आपल्या भाषेत बोलत सुटली. नऊ वर्षांत आईलाही न सांगितलेलं. की त्या दिवशी डोल्मा आतल्या खोलीत आहे हे तिला ठाऊक होतं. की ती नुसती पळाली, जाताना एक हाकसुद्धा मारली नाही.

हलणं थांबलं. ही मात्र हुंदके देत तशीच पडून राहिली.

"तुझं एक अक्षर कळलं नाही मला," खालून आजी म्हणाल्या. "पण सावकाश रड. मी कुठे जातेय?"