अखाजीला नखांवर लावलेली मेंदी

नखांवरची मेंदी टिकवायची असेल तर आधी नखं कापावीत. लांब नख दोरीत नाहीतर चुलीतल्या काटक्यांत अडकून मोडतं आणि जाताना रंगलेला भागच घेऊन जातं. कापल्यावर बोटं रिठ्याच्या पाण्याने धुवावीत, कारण नखाला तेलाचा ओशटपणा असला की मेंदी धरत नाही. तेल लावायचं ते मागाहून. हे मला लग्न झालं तेव्हा माहीत नव्हतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. मेंदी म्हणजे तळहातावर एक गोल टिकला आणि बोटांची टोकं, एवढीच माझी समजूत होती. ती लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलली, आणि हौसेने नाही, गरजेने बदलली.

माझं माहेर धुळ्याजवळ, पांझरेच्या काठाला. सासर लांब, सावद्याच्या बाजूला, केळीच्या मळ्यात. 'आहे'ला आमच्याकडे 'शे' म्हणतात, त्यांच्याकडे 'हाये'. जर्मनीची पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती. आमच्या खानदेशात अखाजीला लेकी माहेरी येतात. दिवाळीला नाही आल्या तर चालतं, अखाजीला आल्याच पाहिजेत. निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात, आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी होते. मग सासरचं माणूस येतं आणि पोर घेऊन जातं.

बाप मला न्यायला आला तेव्हा सासूने दारात उभं राहून सांगितलं, "मेंदीचा रंग उतरला म्हनजे ये. रंगेल हातानं आपल्याकडे शेन काढत नाही."

यात माया वगैरे काही नव्हती. त्यांच्या घरात रीतच तशी होती. हातावर लाली असेतो सुनेने शेणाला हात लावायचा नाही, लावला तर गाय आटते, अशी त्यांची पक्की समजूत. गोठा मोठा होता. शेण न काढणारी सून घरात बसवून खाऊ घालण्यापेक्षा ती माहेरी जेवलेली बरी, असा तो हिशोब. आठ-पंधरा दिवसांत तळहात कोरा होतो, हे सासूला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

घरी पोचले. आई चुलीपुढून उठली तेव्हा मी बघतच राहिले. तिचं पोट पुढे आलेलं होतं.

बापाने वाटेत, गाडीत, एवढ्या प्रवासात एक अक्षर काढलं नव्हतं. आता कळलं का ते. लेकीचं लग्न करून दिल्यावर आईला दिवस जाणं म्हणजे त्या काळी लाजेची गोष्ट. गावात हसायचे. बाप पारावर बसायचा बंद झाला होता. आई पाण्याला सुद्धा उशिरा, नदीवर कोणी नसताना जायची.

"सासरी सांगू नको," आईने पहिलं वाक्य हे म्हटलं. कशी आहेस, काय खातेस, ते नंतर.

मी म्हटलं, "नही सांगाव."

पण मला भीती निराळीच होती. मागच्या बाळंतपणाला मूल गेलं होतं आणि आई मरता मरता वाचली होती. मी तेव्हा लहान असले तरी सगळं पाहिलं होतं. घरात दुसरी बाई नव्हती. मी सासरी गेले की आई एकटी. आणि राहायला कारण सांगायचं तर सांगता येत नव्हतं. आई आजारी आहे म्हटलं असतं तर सासरचं कोणीतरी बघायला आलं असतं. राहायला एकच कारण होतं, ते सासूने स्वतः दिलेलं. रंग असेतो राहा. तेव्हा रंग राहिला पाहिजे होता, आई मोकळी होईपर्यंत.

शेजारी एक अक्का होत्या. गावातल्या निम्म्या पोरी त्यांच्याच हातात जन्मलेल्या आणि मोठ्या झाल्यावर त्यांच्याच हातून मेंदी लावून घेतलेल्या. तोंड तिखट. अखाजीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि तळहात पुढे केला. त्यांनी तो उलटा केला आणि नखं पाहिली.

"कितला दिन ऱ्हावानं शे तुले?"

"माय मोकळी होस तोपावत."

अक्का हसल्या नाहीत. "मंग तयहातवर कशाले लावस? तयहातवरली मेंदी पाव्हनी शे, चार दिनमा जास. नखवरली मेंदी घरनी शे. ती काढी तरी निंघत नही."

त्यांनी नराणीने माझी नखं बोटाबरोबर कापली. रिठ्याने हात धुवायला लावले, दोनदा. मेंदीचा पाला कुंपणाचाच होता. तो पाट्यावर काताबरोबर इतका बारीक वाटला की बोटाला कण लागेना. घट्ट गोळा प्रत्येक नखावर टोपीसारखा बसवला, वर एरंडाचं पान, वर सुताचा दोरा. तळहातावर नावाला टिकला काढला, म्हणे सणाला उघडा हात बरा दिसत नाही. दहाही बोटं बांधलेली, मला नाक खाजवता येईना. बाहेर पोरी झोक्यावर गात होत्या आणि मी भिंतीला टेकून बसले होते. बापाने मला घास भरवला. लग्न झालेल्या लेकीला भरवताना त्याला लाज वाटली असावी, तो सारखा दाराकडे बघत होता.

सकाळी पानं सोडली. अक्कांनी पाणी लावू दिलं नाही. वाळलेली मेंदी खरवडली, तव्यावर लवंगा टाकून त्या धुरावर बोटं धरायला लावली, मग तेल चोळलं. त्याच दिवशी पुन्हा मेंदी, पुन्हा पानं. नंतर पुन्हा एकदा. शेवटी नखं डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली. आई म्हणाली, "काय वं, नाचनारीन व्हयनी का?" पण तिला बरं वाटलं होतं.

आता खरी अडचण सुरू झाली. मी राहिले होते आईचं काम करायला आणि कामच रंगाचं वैरी. राख रंग खाते. चिंच खाते. कपड्यांचा खार तर सगळ्यात जास्त. जात्याचा खुंटा तळहात सोलतो. सण होऊन आठवडा झाला नाही तोच तळहातावरचा टिकला फिकट पिवळा झाला. नखं मात्र तशीच. पण नखालाही कड असते, आणि रंग आधी कडेने जातो. अक्का रोज येता-जाता ओरडायच्या.

"तेल लाव वं! राखमा हात घालाना पहिले तेल!"

तसं मी करू लागले. भांडी घासायच्या आधी बोटांना तेल, घासून झाल्यावर धुऊन पुन्हा तेल. खुंट्याला फडकं गुंडाळलं. तांब्याची भांडी चिंचेने घासणं आईने अंगावर घेतलं, बसल्या बसल्या होईल म्हणून. सारवायचं मात्र मलाच. शेणात बोटं घातल्याशिवाय सारवण होत नाही. आमच्या घरी गाय आटण्याची समजूत नव्हती, तेव्हा मी बिनधास्त घालत होते.

नख खालून वाढतं. महिना होत आला तशी मुळाशी पांढरी चंद्रकोर दिसू लागली. मी ती मेंदीने भरू म्हणत होते. अक्का म्हणाल्या, "नवी लावी ते खोटं व्हई जाई. एकदाव लावेल तीच खरी." माणूस वाकडं करतानाही आपला एक नेम पाळतो.

आणि एका सकाळी सासरे आले.

निरोप नाही, काही नाही. धुळ्याला बैल बघायला आले होते, तिथून टांगा करून आमच्या गावी. मी अंगण सारवत होते. कोपरापर्यंत शेण, त्यातून तेल लावलेली नखं तेवढी लाल दिसत होती. पदर डोक्यावर ओढायचा तर हात भरलेले, तशीच दातात पदर धरून भिंतीकडे तोंड केलं. सासरे दारात थांबले. त्यांना आबा म्हणायचे. मोठा रुमाल, हळू बोलणं, आणि बोललं ते फिरवायचं नाही, अशी ख्याती.

बाप धावत आला. "या इवाई, या, बसा." इवाई म्हणजे व्याही.

आबा ओट्यावर बसले. माझ्याकडे न बघता बापाला म्हणाले, "सुनबाईच्या नखांवर लाली दिसते."

"शे," बाप म्हणाला.

"अन् हात शेनात."

बापाने ओट्यावरची धूळ हाताने झाडली.

"इवाई, तुमची गाय दूध देते का?"

बापाने जरा विचार केला. "गाय नही शे आमनी. म्हैस शे."

"मग म्हैस?"

"ती देस. बठ्ठ्यासले पुरस."

सगळ्यांना पुरतं, हे आबांनी ऐकून घेतलं. म्हशीला त्यांच्या घरची रीत लागू होते की नाही, हे त्यांनी कधी ठरवलं नसावं. थोड्या वेळाने म्हणाले, "म्या आलोच हाये तर घिऊन जातो. इथं शेन चालतं तर तिथंही चालंन."

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. हातावरचं शेण वाळून ओढायला लागलं होतं. बाप खोटं बोलणारा माणूस नव्हता आणि खरं बोलण्याची त्याची हिंमत नव्हती.

व्याही आले म्हणजे पाणी द्यायला पाहिजे. माझे हात शेणाचे, बापाने पाणी आणून देणं शोभत नव्हतं. आत भांड्याचा आवाज झाला. मला वाटलं, आई येणार नाही. ती महिनोन्महिने परक्या माणसासमोर आली नव्हती. पण ती आली, मी पदराआडून पाहिलं. तांब्या हातात, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, तरी काय झाकणार होतं? तांब्या ओट्यावर ठेवायला तिला वाकता येईना. भिंतीला धरून ती अर्धी वाकली आणि तांब्या कसाबसा टेकला.

आबांनी एकदा पाहिलं. मग रस्त्याकडे तोंड केलं. पाणी प्यायले, अगदी सावकाश, तांब्या रिकामा होईपर्यंत. आई आत गेली.

"निंब मोठा हाये तुमचा," ते बापाला म्हणाले.

"शे."

"किती वर्साचा?"

"मना आजानं लायेल."

निंबावर बरंच बोलणं झालं. नंतर आबा म्हणाले, "सुनबाईले हात धून दाखव म्हना."

मी हात धुतले. दाराआड उभी राहून दोन्ही हात बाहेर काढले. तळहात कोरे होते, त्यावर टिकल्याची खूण सुद्धा नव्हती. मी हात उलटे केले. नखं लाल, मुळाशी पांढरी.

त्यांनी बघितलं तरी की नाही, मला माहीत नाही. दाराआडून दिसत नव्हतं. आवाज तेवढा आला. "रंग पक्का हाये. असा रंग असल्यावर नेता येत नाही. उतरला म्हनजे निरोप धाडा."

जेवायला थांबले नाहीत. बैल बघायचे आहेत म्हणाले. बाप त्यांना वेशीपर्यंत सोडून आला आणि कितीतरी दिवसांनी परतताना पारावर बसला.

आई आत चुलीपुढे बसली होती. "दखं तेस्नी," ती म्हणाली. त्यांनी पाहिलं.

"दखं ते दखं," मी म्हटलं. "आते सारवानं ऱ्हायनं शे." आणि मी उरलेलं अंगण सारवायला गेले. दुसरं काय करणार?

आई ज्येष्ठ संपता संपता मोकळी झाली. भर दुपारी. अक्का सकाळपासून बसल्या होत्या. मागच्यासारखंच अडलं. मी पाठीमागे बसून आईला छातीशी धरून होते आणि ती माझ्या मनगटाला इतकी घट्ट धरून होती की नंतर तिथे काळं-निळं झालं. एकदा तर तिचे डोळे वर गेले. अक्कांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि इतक्या घाण शिव्या दिल्या की मी इथे लिहीत नाही. त्या शिव्यांनी आई शुद्धीवर आली, असं माझं मत आहे.

मुलगी झाली. बारकी, काळीनिळी. अक्कांनी तिला पाय धरून उलटी केली, चापटी मारली, तेव्हा रडली.

आईने डोळे न उघडता विचारलं, "पोर रडस ना?"

"रडस."

"मंग तू कशाले रडस?"

मी रडत होते हे मला कळलं नव्हतं. मी तोंड पुसलं आणि पाणी तापवायला गेले. बापाला बाहेर जाऊन सांगितलं. त्याने विचारलं, "ती?" मुलगा की मुलगी हे विचारलं नाही. मी म्हटलं, "जित्ती शे." तो उठून म्हशीकडे गेला.

आईला ताप आला, तो गेला. दूध आलं. ती उठून चार पावलं चालायला लागली तेव्हा मीच बापाला म्हटलं, आता निरोप धाड. आईने माझं लुगडं घडी करून गाठोड्यात ठेवलं.

सासरी पोचले तेव्हा सासू ओसरीवर ज्वारी निवडत होती. मी पाया पडले. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"पोरगा का पोरगी?"

मी गाठोडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "पोरगी."

"अन् माय?"

"चालते-फिरते."

"मग झालं," ती म्हणाली. "हात-पाय धू अन् जेवून घे. गोठा सकाळपासून तसाच पडेल हाये."