नवी पेटी, जुनी सळई आणि रोशनबाईंची तार

काल नानपुऱ्यात रोशनबाईंच्या घरी माझ्या नव्या हत्यारांची परीक्षा झाली... आणि त्यांच्याबरोबर माझीही.

मी मूळचा जळगावकडचा, तीस वर्षं सचिन गावच्या कापड कारखान्यात लूम फिटर, म्हणजे मागांची दुरुस्ती. पियानो दुरुस्ती रिटायर झाल्यावर शिकलो, स्वतःच खोलून, बिघडवून. परवा मुलीने तारांच्या कामाची हत्यारं ऑनलाइन मागवून दिली, चकचकीत पेटीच!

भेस्तानहून निघताना बायको म्हणाली, "नवा डबा शे ना, मंग ती जुनी सई काबर?" ती कशाला न्यायची, असा तिचा सवाल. सई म्हणजे लूमच्या फणीतून धागा ओढायची माझी चपटी सळई. म्हटलं, असू दे... म्हाताऱ्याला म्हातारी सोबत.

रोशनबाई ऐंशीच्या. चार वाजता नवसारीहून धाकटी बहीण येणार, कितीतरी वर्षांनी दोघी एकाच पियानोवर बसणार. जाड सुरांची बाजू रोशनबाईंची, आणि तार तुटली ती नेमकी तिथलीच. नवी यायला महिना लागतो, म्हणजे तुटक्या टोकाला तुकडा जोडणं आलं.

नव्या पेटीतल्या तार गुंडाळायच्या दांडीने खुंटीवर तीन वेढे असे सुबक पडले की मी खूश! तारेचं टोक ओढायचा आकडा मात्र जाडजूड, दोन तारांमध्ये शिरेचना. तिथे आपली सळई सुळकन गेली आणि टोक ओढून घेऊन आली.

मग गाठ मारली आणि कटरने तिच्या शेपट्या, म्हणजे गाठीबाहेरची टोकं, बुडापासून उडवल्या. लूमवर तसंच करतात, गाठ फणीत अडकू नये म्हणून... जित्याची खोड! तार ताणली आणि टण्णकन गाठ निसटली.

साडेतीन झालेले. टोक एवढंसं उरलेलं, आता एकदाच जमणार होतं. घाईघाईने पुन्हा कटर हातात घेतलं.

"दीकरा, एटली उतावळ शाने?" रोशनबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं कटर काढून सरळ गाऊनच्या खिशात टाकलं. एवढी घाई कशाला, म्हणे, आणि अडुसष्टाव्या वर्षी मी 'दीकरा', म्हणजे बाळ! हसू आलं, हात सैल झाले. शेपट्या लांब ठेवून गाठ बांधली, तार हळूहळू चढवली... धरली!

बहीण आली तेव्हा हत्यारं अजून जमिनीवरच होती. दोघी वाजवायला बसल्या, चुकल्या, एकमेकींना कोपरं मारत हसल्या... आणि तो जाड सूर दरवेळी हाकेला ओ देत होता.

तर निकाल असा. दांडीला पैकीच्या पैकी, आकड्याला भोपळा, सळई पहिली. कटर अजून रोशनबाईंच्या खिशातच आहे. नवा तुकडा सैल पडतोच, आठवड्याने सूर लावायला जाईन तेव्हा घेईन... या वयातही आपल्या हातातून वेळेवर हत्यार काढून घेणारं कुणी आहे, बरं वाटलं.