रेकॉर्डिंगमधली हजेरी

पनवेल आणि आसपासच्या पाच-पन्नास गावांत कॉलेजचं डिजिटल शिक्षण खऱ्या अर्थानं कुणी आणलं असेल, तर ते आमच्या गणित विभागाच्या प्रमुखांनी, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. याच माणसाला मोबाईलवर साधा फोटो आजवर धड काढता आलेला नाही, हेही तितकंच खरं. विभागाच्या ग्रुपवर त्यांनी टाकलेल्या फोटोत निम्मा अंगठा असे आणि उरलेलं छत. कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरू नये म्हणून ते तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून शेजारी 'पुसू नये' अशी सूचना करत. स्मार्ट बोर्ड बसवला, तेव्हा पहिल्याच तासाला सरांनी त्यावर पक्क्या शाईच्या मार्करनं प्रमेय लिहिलं. ते अजून तिथेच आहे. मी हळहळलो, तर म्हणाले, "सिद्ध झालेली गोष्ट पुसायची कशाला?"

पुढे वर्गात येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी प्रत्येकानं आपले तास रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकावेत, असं ठरलं. मी त्यांच्या हाताखालचा तरुण प्राध्यापक. मी माझी रेकॉर्डिंग कापून-छाटून, सुरुवातीला संगीत घालून अगदी सुबक केली. सरांनी रिकाम्या खोलीत मोबाईल समोर ठेवला, रजिस्टर उघडलं आणि चक्क हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक ते एकसष्ट, प्रत्येक नंबरनंतर थांबून. शिकवताना प्रश्न विचारला की पुन्हा गप्प. चष्मा पुसत, खिडकीबाहेर बघत ते मुलांना विचार करायला भरपूर वेळ द्यायचे. एवढा मोकळा भाग कापून टाकूया, असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. म्हणाले, "अहो, थांबायचं नसेल तर प्रश्न विचारायचा तरी कशाला?" स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त मी. उत्तरं आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, असंही ते दर पाठाच्या शेवटी बजावत. एकसष्टांपैकी साठ जणांनी ते मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते अठ्ठेचाळीस नंबरनं. आपटा गावाच्या पलीकडच्या एका वाडीतली ही मुलगी शेवटच्या वर्षाला होती. दिवाळी झाली की तिचं सगळं घर वीटभट्टीवर जायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. थोरल्या भावाचा हात मोडल्यामुळे त्या वर्षी तिलाही जावं लागलं आणि वर्गातली तिची हजेरी तिथेच थांबली. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न द्यायच्या मुलांची यादी लागली, त्यात पहिलं नाव तिचं. वाडीतून इथवर पोचलेली ती पहिलीच. हे वर्ष हुकलं असतं तर ती पुन्हा कॉलेजचं तोंड बघणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि आम्ही सगळे नियमाकडे बोट दाखवत होतो.

हजेरीच्या बैठकीला सर फक्त मोबाईल घेऊन आले. प्राचार्य मॅडमच्या टेबलावर तो ठेवून त्यांनी आवाज मोठा केला. मागे ट्रक घरघरत होता, कुणाचं तरी मूल रडत होतं आणि त्यातून एक आवाज आला, "अठ्ठेचाळीस हाय, सर. दुसऱ्याचं उत्तर शून्य. तिसरं नाय समजलं, परत सांगा." पुढच्या पाठात सरांनी तिसरं खरोखरच परत सांगितलं होतं. सरांनी दुसरा निरोप लावला, तिसरा लावला. चौथ्यात ती म्हणत होती, "सर, तुमी थांबता ना, तवर माज्या दोन इटा थापून होतात. मग उत्तर सुचतं."

मी मान खाली घातली.

मग सरांनी खिशातून चार घड्या घातलेलं एक परिपत्रक काढलं. तपासणी समितीला दाखवायला आमच्याच कॉलेजनं ते काढलं होतं आणि ऑनलाइन सहभाग हजेरीत धरावा, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही मॅडमचीच होती. मॅडम म्हणाल्या, "कळलं सर, बंद करा आता." सर म्हणाले, "अजून एकोणचाळीस आहेत." ते सगळे ऐकवल्याशिवाय हा माणूस उठणार नाही हे मॅडमना ठाऊक होतं. पाचव्याला त्यांनी पेन उचललं आणि यादीतलं पहिलं नाव खोडलं.

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. सरांनी ती बातमी घाईघाईत आमच्याऐवजी त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या ग्रुपवर टाकली. पस्तीस बिऱ्हाडांनी कोण, कुठली हे न विचारता अभिनंदन केलं आणि सरांनी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं. ती मुलगी आता एमएस्सी करते आहे. निकालाच्या दिवशी सर जिन्यावरून शीळ घालत उतरले होते. एवढा खूश झालेला माणूस मी आमच्या कॉलेजात पुन्हा पाहिला नाही.

यंदा सर निवृत्त झाले. दिवाळीनंतर आमच्या वर्गातले चार-दोन बाक अजूनही रिकामे होतात. त्या मुलांना मी माझी कापून-छाटून सुबक केलेली रेकॉर्डिंग न चुकता पाठवतो. त्यांच्याकडून उलट निरोप मात्र अजून एकही आलेला नाही.