पाणी न शिंपडणारी चंद्राकाकी

आमच्या गावात पोपटी कधी उतरवायची ते चंद्राकाकी सांगते. पोपटी म्हणजे आमच्याकडचा थंडीतला बेत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत शिजलं की नाही हे कळायला लोक मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन लगेच सुकलं की झालं. काकी मात्र नुसत्या वासावर सांगते. शेजारी राहणारी तिची धाकटी जाऊ जयवंताकाकी पाणी शिंपडते, म्हणून काकीनं तिला तीस वर्षं छळलंय. "नाक काय नुसतं नथ घालायला हाय का गं?"

जानेवारीतल्या एका शनिवारी मी दोन मैत्रिणींना गावी आणलं. केनियाची अचियेंग आणि भूतानची पेमा पुण्यात माझ्याच वर्गात शिकतात. दीड वर्षात त्यांनी भारत म्हणून हॉस्टेल, मॉल आणि हॉस्टेलची पातळ उसळ एवढंच पाहिलेलं. अचियेंगनं आल्या आल्या विळा घेऊन भराभर पाला कापला तेव्हा काकी खूश झाली. "अक्षदा, ही शेतकऱ्याची पोर दिसते. तुझ्यासारखी नाय."

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर दूध करपून धूर निघत होता आणि काकी तिथंच पाठमोरी बसून निवांत लसूण सोलत होती.

"काकी, दूध!"

तिनं गॅस बंद केला, मग दार लावलं. "तीन महिनं झालं गं. त्या तापापासून वासच येत नाय. कुनाला बोललीस तर बघ."

"मग आज पाणी शिंपड की."

"तीस वरसं जयवंताला बोलले, नि आता तिच्यादेखत शिंपडू? आन् पाव्हण्या पोरींना कच्ची कोंबडी तरी कशी वाढू?"

"मी वास घेऊन सांगते."

"तुला करपलेलं नि शिजलेलं सारखंच," काकी म्हणाली. माझा चहा प्यायलेली बाई असं बोलली तर वाद घालता येत नाही.

पोपटी खरी रात्रीची, पण आम्हाला संध्याकाळची गाडी होती, म्हणून दुपारीच जाळ केला. अर्धा तास होत आला. काकीचा मुलगा साईनाथ काठी घेऊन उभा. "आये, काढू?"

"थांब."

थोड्या वेळानं पुन्हा, "काढू का?"

"थांब म्हनलं ना रं!"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मला तर नुसत्या धुराचा वास येत होता. काकीच्या कपाळावर घाम आला होता आणि तो जाळाचा नव्हता.

तेवढ्यात जयवंताकाकी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं अचियेंगचा हात धरला. "ये गं बाय. ज्यांना वास कळत नाय त्या बाया कशा बघतात, ते दावते तुला."

अचियेंगला शब्द कळले नाहीत, खूण कळली. तिनं बोटं बुडवून पाणी उडवलं. चर्र!

"झाली!" काकी डोळे मिटून ओरडली. "काय वास सुटलाय! काढ रं!"

"काय नाक हाय चंद्राबाईचं!" कुणीतरी म्हणालं. मडकं फोडलं तर शेंगा अख्ख्या आणि कोंबडी लोण्यासारखी. पेमानं एकटीनं पाच अंडी खाल्ली. मी हसत होते की रडत होते कोण जाणे, डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं.

निघताना जयवंताकाकी माझ्या पिशवीत उरलेल्या शेंगा भरत होती. ओटीवरून काकी ओरडली, "जयवंते, अगं दोघींनी किती पानी उडवलंत! विझवलाच असतात की इस्तव!"

"व्हय बाय, चुकलंच!" जयवंताकाकी मोठ्यानं म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, "तीन महिनं दूध करपतंय तिचं. भिंतीपल्याड मला येतो ना वास." तिनं पिशवीला गाठ मारली. "पुढल्या थंडीत या पोरींना परत आन गं. पाव्हनं असलं म्हंजी तांब्या घेऊन यायला बरं पडतं."