डोहातला करार

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमची बटालियन उत्तरेकडच्या एका छावणीत होती. मी प्लाटून हवालदार होतो. वय चाळिशीला टेकले होते. सकाळी पी.टी., मग परेड, मग वेपन ट्रेनिंग, संध्याकाळी रोल कॉल. एका संध्याकाळी रोल कॉलला बटालियन ऑर्डर वाचण्यात आली. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी रजेत पोहायला शिकून यावे. परत आल्यावर टेस्ट होईल. नापास होणाऱ्यास रायफल कंपनीतून काढून डेपोत पाठवले जाईल.

मला पोहता येत नव्हते. माझे गाव कडेगावच्या बाजूचे, कोरडवाहू. घरची विहीर होती, पण थोरला भाऊ लहानपणी तिच्यात बुडून गेला. त्यानंतर आईने मला कधी तिच्या काठावर फिरकू दिले नाही.

नियमांचा मला आदर आहे. म्हणूनच चुकीच्या हुकमाचा संताप येतो. मी रीतसर अर्ज लिहिला. भरतीच्या वेळी पोहण्याची अट नव्हती. इतक्या वर्षांनी नवी अट लादून माणसाला त्याच्या प्लाटूनपासून तोडणे कोणत्याही न्यायात बसत नाही. त्या प्लाटूनमधला जवळजवळ प्रत्येक जवान तो रंगरूट असल्यापासून मी घडवला होता, आणि लढाईची वेळ आली तर ती पोरे दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवून मी डेपोत ब्लँकेटे मोजत बसणार होतो. अर्ज वरपर्यंत गेला. सी.ओ. साहेबांनी मला समोर उभे केले.

"हवलदार, दुश्मन नहर के उस पार होगा, तो उसको भी अर्जी भेजोगे?"

"नहीं, साब."

"तो तैरना सीखो. डिसमिस."

माझ्या प्लाटूनमध्ये नाईक यशवंत कांबळे हे सेक्शन कमांडर होते. त्यांचे गाव आष्ट्याच्या पुढे, कृष्णाकाठी. छप्पन सालानंतर त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. आम्हा दोघांची रजा एकदमच मंजूर झाली. गाडीत ते म्हणाले, "मी शिकीवतो, हवालदार साहेब. पर एक अट हाय. जमिनीवर तुमी, पान्यात उस्ताद मी."

"मंजूर," मी म्हणालो.

पहिला प्रयत्न माझ्या घरच्या विहिरीवर झाला. माझे चुलते तात्या मोटेच्या धावेवर बसले होते. त्यांनी पाहुण्याचे गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि म्हणाले, "त्यानं काटावर बसून सांगावं. इहिरीत उतरायचं न्हाई."

मी तिथेच उभा राहून घटनेचे सतरावे कलम मोठ्याने सांगितले. त्यामागोमाग अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा पंचावन्न सालचा कायदाही सांगितला.

"तुजं कलम तुज्या पलटनीत," तात्या म्हणाले. "हितं माजा हिस्सा हाय."

कांबळ्यांनी काढलेला शर्ट पुन्हा अंगात घातला. "चला, साहेब. आमच्या गावाला नदी हाय. तिच्यात कुनाचा हिस्सा न्हाई."

मी त्याच दुपारी मामलेदारांकडे तक्रार अर्ज पाठवला आणि पुढे तो कधीही मागे घेतला नाही. कचेरीने थकवले, भावकीने बोलणे टाकले, मी पत्रे लिहीत राहिलो. आज त्या विहिरीत गावातल्या सगळ्या आळ्यांची पोरे उड्या मारतात. पण त्या रजेत अर्जाचा उपयोग नव्हता. मी कांबळ्यांच्या घरी मुक्कामाला गेलो.

त्यांच्या आईने मला सोप्यात घोंगडे अंथरून दिले. मी कशासाठी आलो हे कळल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"ह्ये शिकनार? आरं यशवंता, ह्यांच्या मिशा पिकल्या की!"

"पिकल्याल्या मिशा हलक्या असत्यात, आई. चांगल्या तरंगत्यात."

आमच्या भागात पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बिंडा बांधतात. पांगाऱ्याचे लाकूड वाळले की अतिशय हलके होते. त्याच्या फळ्या दोरीत ओवल्या की बिंडा तयार. पहिल्या सकाळी मी तो स्वतःच बांधला. बेल्ट बांधतात तसा, कंबरेला, करकचून. डोहात उतरताच माझा मागचा भाग वर आला आणि डोके खाली गेले. कांबळ्यांनी मला केसांना धरून वर काढले.

"साहेब, नदीला उलटी सलामी दिली तुमी," ते म्हणाले, आणि बिंडा सोडवून काखांखाली बांधला.

शिकवण्याची रीत अशी, की शिकणाऱ्याला थोडे जमू लागले की उस्तादाने गुपचूप एक फळी काढून घ्यायची. त्याला सांगायचे नाही. मला ही रीत ठाऊक नव्हती. तिसऱ्या दिवशी बाहेर आल्यावर मी फळ्या पाहिल्या, एक कमी होती. मी नदीकाठी जो आवाज चढवला तो पलीकडच्या मळ्यातल्या माणसांनीही ऐकला असेल. माझ्या जिवाशी संबंधित बदल मला पूर्वसूचना दिल्याशिवाय करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मी बजावले. त्या संध्याकाळी त्यांच्या आईला साक्षी ठेवून आमचा करार झाला. फळी काढायची असेल तर आदल्या दिवशी कळवायचे.

कांबळ्यांनी करार तंतोतंत पाळला. जेवताना ते शिस्तीत सांगत, "हवालदार साहेब, उद्या एक फळी कमी." मग मला झोप लागत नसे. सकाळी पाण्यात उतरलो की हातपाय लाकडासारखे होत आणि मी बुडू लागे. काढलेली फळी पुन्हा ओवावी लागे. रजा संपत आली. बिंडा होता तेवढाच राहिला.

एके दिवशी वाळूवर बसून मी म्हणालो, "कांबळे, हे असे जमणार नाही."

"न्हाईच जमनार. तुमी पान्याला भीत न्हाई, साहेब. तुमी फळी मोजता."

"मग मोडा तो करार."

"मी मोडनार न्हाई. करार तुमचा हाय. तुमी रद्द करा."

मी उठलो, घरी आलो आणि करार आजपासून रद्द केल्याचे त्यांना आणि आईंना रीतसर सांगितले. आई भाकरी थापत होत्या. "झालं एकदाचं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर फळ्यांकडे बघायचे नाही, असा मी स्वतःलाच हुकूम दिला. बिंडा कांबळेच बांधत आणि सोडत. रजेच्या अखेरीस मी डोह ओलांडून गेलो आणि परत आलो. काठाला लागल्यावर त्यांनी माझ्या पाठीची दोरी सोडली आणि तिच्यात राहिलेले एकुलते एक लाकूड माझ्या हातात दिले.

मी शेतकऱ्याचा मुलगा. लाकूड पाहताच ओळखले. ती ओली बाभूळ होती. ओली बाभूळ पाण्यात दगडासारखी तळाला जाते.

"हे कधीपासून?"

"परवापासनं, साहेब. तुमी बाभळीला पाठीवर घिऊन पवताय."

मला ओरडायचे होते. दम उरला नव्हता. मी वाळूत बसून हसत राहिलो. चाळिशीत मला नवे काही येऊ शकते, हे मला त्या वाळूत कळले. टेस्ट मी पास झालो आणि माझ्या प्लाटूनबरोबर राहिलो.

पुढच्या वर्षी लढाई लागली. एका पहाटे आम्ही कालव्याच्या काठावर पोहोचलो. पूल उडवलेला होता. पलीकडे दोर नेऊन बांधल्याशिवाय हत्यारांसह प्लाटून पार जाणे शक्य नव्हते. प्लाटून कमांडरने विचारले, "कौन?"

कांबळे पुढे झाले. त्यांनी दोराचे टोक कंबरेला गुंडाळले आणि पाण्यात शिरले. पलीकडचा काठ जवळ आला असताना मशीनगनचा फायर आला. ते थांबले. मग लव्हाळ्याला धरून राहिलेले दिसले. दोर ताणला गेला नाही.

"साब, मैं जाता हूँ," मी म्हणालो.

"हवलदार, तैर लोगे?"

"जी, साब."

आमच्या एल.एम.जी.ने कव्हरिंग फायर सुरू केला. मी उतरलो. पाणी थंड होते. ओढ कृष्णेपेक्षा जास्त होती. मी हात मारत राहिलो. लव्हाळ्यापाशी पोहोचलो तेव्हा कांबळ्यांच्या छातीला गोळी लागलेली दिसली. दोराचे टोक त्यांनी कंबरेचे सोडून मुठीत धरले होते. मी अजून पोहतच होतो.

"पाय टेका, साहेब," ते म्हणाले. "हितं उथळ हाय."

मी पाय टेकले. त्यांना काठावर ओढले, दोर घेतला आणि शिसवाच्या बुंध्याला बांधला. हात वर करून इशारा केला. मागच्या काठावर वायरलेस ऑपरेटरचा आवाज चढला, "रोप पार. रोप पार. ओव्हर." माझे जवान एकामागून एक त्या दोराला धरून आले. स्ट्रेचर यायच्या आत नाईक यशवंत कांबळे गेले.

रजा मिळाल्यावर मी आधी कृष्णाकाठी गेलो. आई दारात बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाच विचारले.

"तुमी त्येच्या मागनं पान्यात गेला?"

"व्हय, आई."

"भ्याला न्हाई?"

"पान्याला न्हाई."

"मंग नीट शिकीवलं म्हनायचं त्येनं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून पुन्हा बोलल्या, "आवं हवालदार, आमच्या आळीतल्या पोरी नदीवर धुनं घिऊन जात्यात. एकीला बी पवायला येत न्हाई. शिकीवशीला?"

"मी?"

"मंग आता कोन?"

ह्या वयात कशाला, असे तेव्हा मला अनेकांनी विचारले. पोरींना कशाला, असेही विचारले. त्या सर्वांना मी लेखी उत्तरे दिली. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुली डोहावर आल्या. पाण्यात उतरण्यापूर्वी मी त्यांना एका रांगेत उभे केले, सावधान केले आणि मला पोहायला कोणी शिकवले त्याचे नाव सांगितले. मग ते नाव त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घेतले.

नाईक यशवंत कांबळे.