उन्हाळ्यातली इर्जिक

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. पण एका अंगणात पालथी घातलेली तीन मोठी पातेली आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहेत.

तेव्हा मी भोर तालुक्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. हिर्डोशीच्या पुढच्या एका वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आदल्या पावसाळ्यात पुरात वाहून गेला होता. रस्ता, शाळा, दवाखाना, सगळे ओढ्यापलीकडे. आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीच्या सरकारी निधीतून नवा साकव मंजूर झाला, लोखंड येऊन पडले, आणि मे महिन्यात एके दिवशी ठेकेदार ठाण्यात आला. साकवाच्या सगळ्या सळया चोरीला गेल्या होत्या.

“गुन्हा दाखल करा साहेब. कागद हातात आला की मी मुदत वाढवून मागतो. काम आता पावसाळ्यानंतरच.”

माल गेलेला माणूस आधी माल मागतो. हा कागद मागत होता. मी त्याचा अर्ज स्टेशन डायरीला घ्यायला लावला आणि आधी जागा पाहतो म्हणालो.

निघण्याआधीच खबऱ्याचा फोन आला. सारोळ्याजवळ एका भंगारवाल्याकडे लोखंड उतरले आहे. आम्ही धावलो. तिथे जुने पत्रे आणि एक मोडकी सायकल निघाली.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन वाडीवर गेलो. एकेकाला बाजूला बोलावून विचारले. प्रत्येकाचे उत्तर एकच: “आमी त्या दिशी रानात व्हतो. आमाला काय ठावं न्हाई.” वेगवेगळे दहा जण खरे बोलतात तेव्हा दहा तऱ्हेने बोलतात. इथे शब्दही बदलत नव्हता.

“पाठ करून घेतलंय साहेब,” हवालदार म्हणाले. “माझ्या पोरांना शाळेत एवढं येत नाही.”

शेवटच्या घरी एक विधवा मावशी भात पाखडत बसल्या होत्या. आतून त्यांच्या गरोदर सुनेने पाणी आणून दिले. पाणी पिता पिता माझी नजर अंगणात गेली. तीन मोठी पातेली, घासून उन्हात पालथी घातलेली.

“मावशी, घरात लग्न झालं का?”

“न्हाई बा.”

“मग बारसं?”

“बारसं कशाचं? सुनेला आत्ता कुठं सातवा लागलाय.”

मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला मीच, पण लावणीच्या इर्जिकीत गुडघाभर चिखलात मीही उभा राहिलो आहे. एकाच्या कामाला सगळे गाव राबते आणि ज्याचे काम तो सगळ्यांना जेवू घालतो, ती इर्जिक. पण मे महिन्यात शेते कोरडी होती.

“मावशी, भर उन्हाळ्यात इर्जिक कसली घातली?”

त्यांच्या हातातले सूप थांबले. “तुमी शेतकऱ्याचं व्हय?”

“होय. काम कुणाचं होतं?”

“काम समद्यांचं. माझं आंगण मोठं, म्हनून भात हितं शिजला.”

मग त्या उठल्या आणि मला घरामागे घेऊन गेल्या. बांधाच्या कडेने पेंढा पसरला होता. त्यांनी पायाने तो सारला. खाली सळया होत्या.

“ठेकेदाराचा टेम्पोवाला बोलला, उद्या हे पानशेतला एका बंगल्यावर जानार, साकवाचं बघू दिवाळीनंतर. म्हनून उजाडायला समद्यांनी खांद्यावर आनलं. गेल्या पावसात आमच्या आजारी मालकांना बांबूच्या डालग्यात घालून वड्यापातुर न्हेलं. पानी उतरंस्तोवर वाट बघितली. ते थांबलं न्हाईत.” त्यांनी घराकडे पाहिले. “सुनेचे दिस आषाढात भरत्यात साहेब. मला धरून न्या, पर हे लोखंड नेऊ नका.”

हवालदार मला हळूच म्हणाले, “चोरी केली, पण जेवण घालायचं चुकवलं नाही!”

खरी अडचण पुढेच होती. सळया मुद्देमाल म्हणून जप्त केल्या असत्या, तर न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत ठाण्याच्या आवारात पडून राहिल्या असत्या. पण चोरी ठरायला लबाडीचा इरादा लागतो. तो इथे कुणाचा होता? मी टेम्पोवाल्याला बोलावले. थोडे आढेवेढे घेऊन त्याने पानशेतची गोष्ट जबाबात सांगितली. मग बांधकाम खात्याच्या अभियंत्यांना वाडीवर आणले. त्यांच्यासमोर पंचनामा केला, सळया मोजल्या तर पूर्ण भरल्या, आणि ज्या खांद्यांवरून आल्या त्यांवरूनच परत साकवाच्या जागी गेल्या. जबाब ऐकल्यावर ठेकेदाराने अर्ज मागे घेतला. त्याच्यावरचा अहवाल अभियंत्यांनी वर पाठवला आणि काम उरकेपर्यंत ते स्वतः येत राहिले.

आषाढात चार दिवस झड लागली होती. ठाण्यात फोन वाजला. मावशी होत्या.

“साहेब, सून दवाखान्यात पोचली. साकवावरनं, आपल्या पायानं. पोरगी झाली.”

मी फोन ठेवला. इतके हलके मला नोकरीत क्वचितच वाटले.

सरकारच्या पैशाने मी शिकलो, सरकारचा पगार खाल्ला. निधी म्हणजे काय, हे मला कळते असे वाटायचे. त्या वाडीने दाखवले की मंजुरीचा कागद आणि उभा साकव यांच्यामध्ये कुणीतरी राखण करावी लागते. तेव्हापासून कोणत्याही चौकशीत ‘कुणी नेले’ याच्याबरोबर ‘कशासाठी नेले’ हेही मी विचारत राहिलो.

सळया सापडल्या त्या दिवशी मावशींनी ताट वाढू का विचारले होते. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने जेवू नये, म्हणून मी नको म्हणालो. निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम गेलो. साकव ओलांडला तर मावशी नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या.

“या साहेब,” त्या म्हणाल्या. “इर्जिकीचं तुमचं जेवान ऱ्हायलंय.”